साडेआठच्या मालिकेतलं एक खरं लग्न

जुलै २०१९मध्ये झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात आईचा मिरजेहून फोन आला. "साडेआठला एक नवीन मालिका लागते. तू बघू नकोस हं." का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "उगाच. तुला त्रास होईल." त्या रात्री ऑफिसातून आल्या आल्या मी टीव्ही लावला.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आसावरी कुलकर्णी ही पन्नाशीची विधवा. मुलगा सोहम, म्हणजे घरादाराचा बबड्या, आईच्या लाडाने पार बिघडलेला. सून शुभ्रा. आणि ज्यांच्यापुढे घरात कुणाचं काही चालत नाही ते सासरे, सगळ्यांचे आजोबा. आसावरीच्या आयुष्यात अभिजित राजे नावाचा शेफ येतो आणि सून पुढाकार घेऊन सासूचं लग्न लावून देते. निवेदिता सराफ, गिरीश ओक, तेजश्री प्रधान, आशुतोष पत्की आणि आजोबांच्या भूमिकेत रवी पटवर्धन. सासू-सुनेची मालिका म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्याच्या नेमकी उलटी गोष्ट.

माझ्या आईचं दुसरं लग्न २०१७ साली झालं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. वडील एसटीत कंडक्टर होते. १९९७ साली हृदयविकाराने गेले तेव्हा मी आठवीत होतो. आईला अनुकंपा तत्त्वावर डेपोत कारकुनाची नोकरी लागली आणि पुढची वीस वर्षं आमचं घर तिने आणि आज्जीने मिळून ओढलं. आज्जी म्हणजे वडिलांची आई. मग वाचनालयात सरांची ओळख झाली. सर चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त, बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. ते दोघं तीन वर्षं एकमेकांसाठी पुस्तकं राखून ठेवत होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा मालिकेतल्या या लग्नाबद्दल मी लिहिणार ते तिऱ्हाइतासारखं लिहिता येणार नाही, आणि मला तसं लिहायचंही नाही. यंदा दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा आईबरोबर झी फाइव्हवर लग्नाचे भाग पुन्हा बघितले. सहा वर्षांपूर्वी जे वाटलं होतं ते तसंच आहे का, हे बघायचं होतं.

तसंच आहे. मालिकांमधली लग्नं मी लहानपणापासून बघत आलोय. आठवडाभर चालतात, ऐन मुहूर्ताला कुणीतरी दारातून "थांबा!" म्हणून ओरडतं, मंगळसूत्र हरवतं, सापडतं. नवरीच्या अंगावर दुकानाची अख्खी वही असते. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लग्नानंतर गावोगावच्या सराफांकडे बायका "जान्हवीचं मंगळसूत्र दाखवा" म्हणायच्या, माझ्या दोन चुलतबहिणींनी तेच केलं होतं. आसावरीच्या लग्नानंतर कुणी आसावरीचं काही मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण आमच्या गल्लीत ज्या बायकांनी दोन वर्षं आईशी बोलणं तोडलं होतं त्यांच्यापैकी एकीने भाजीच्या गाड्यापाशी आईला विचारलं, "बघता का हो ती मालिका?" तेवढ्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं.

या लग्नाची खरी ताकद लग्नाच्या आधी आहे. लग्न लागलं २०२०च्या सुरुवातीला, म्हणजे मालिकेने मुहूर्तापर्यंत पोचायला जवळपास सहा महिने घेतले. एरवी मालिकेने इतका वेळ लावला की आपण पाणी घातलं म्हणतो. इथे मला तो वेळ खरा वाटला. पन्नाशीच्या विधवेला "हो" म्हणायला इतका वेळ लागतोच, कारण ते "हो" तिच्या एकटीचं नसतं. निवेदिता सराफ यांनी आसावरी अशी उभी केली आहे की स्वतःसाठी काही मागायचं झालं की वाक्य अर्ध्यात गिळायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. आई अगदी तशीच. सरांचा विषय तिने मला पहिल्यांदा सांगितला तो फोनवर, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे. एक वाक्य, मग शिट्टी, मग "थांब हं, गॅस बारीक करते," मग दुसरं वाक्य. तिसरं वाक्य बोललीच नाही. तिसरं मला कळलं.

गिरीश ओक यांच्या अभिजित राजेंबद्दलही हेच म्हणेन. प्रेमात पडलेला पिकल्या केसांचा माणूस म्हटलं की आपल्याकडे एकतर त्याला विनोदी करतात किंवा एकदम कवी करून टाकतात. राजे थांबतात. उगीच शहाणपण न सांगता, रुसवा न धरता थांबतात. आमचे सर तीन वर्षं थांबले होते.

पण या लग्नातली सगळ्यात मोठी व्यक्ती आजोबा आहेत. "कोंबडीच्या" म्हणून खेकसणारे, सुनेने डोक्यावरचा पदर ढळू देऊ नये असं वाटणारे, आणि तरीही त्या सुनेवाचून चहाचा कपही न सापडणारे. रवी पटवर्धनांचा तो आवाज, ते रोखून बघणं. त्यांचा विरोध ऐकताना मला राग आला नाही, त्यामागची भीती दिसली. मुलगा गेला, आता सूनही गेली तर घरात आपलं असं कोण उरणार? हे वाक्य त्यांनी कधी बोलून दाखवलं की नाही मला आठवत नाही, चेहऱ्यावर मात्र होतं. विधवेच्या लग्नाला होणारा विरोध "लोक काय म्हणतील" या एकाच वाक्यात गुंडाळायची आपल्याला सवय आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लोकांचं फार नसतं. त्याला एकटं पडायचं नसतं. पटवर्धन २०२०च्या डिसेंबरमध्ये गेले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मालिका सुरू असतानाच. नंतर मोहन जोशींनी आजोबा केले आणि चांगलेच केले, पण आमच्या घरात "आजोबा" म्हटलं की पहिलेच.

आमच्याकडे आजोबांच्या जागी आज्जी होती, आणि ती विरोधात नव्हती. ती गप्प होती. तिचं ते गप्प बसणं आईला विरोधापेक्षा जड जात होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आज्जीने आईला पाटावर बसवलं आणि लुगड्याच्या गाठीतून जोडवी काढली. आईचीच जोडवी. १९९७ साली तेराव्याच्या आत तिच्या पायांतून उतरवलेली, वीस वर्षं आज्जीच्या ट्रंकेत होती. आता आईच्या बोटांचे सांधे संधिवाताने सुजलेले. जोडवं पेरापाशी अडकलं. आज्जीने खोबरेल लावलं, तरी जाईना. मग ती उठली, न बोलता चपला घातल्या, एक्याऐंशीव्या वर्षी एकटी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सोनाराकडे गेली, दोन्ही जोडवी कापून मागून उघडी करून आणली आणि आईच्या पायांत घालून दोन बोटांनी दाबून बसवली. "आता सैल होतील तेव्हा सांग, परत दाबून देईन," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य.

म्हणून मला आसावरीची आजोबांच्या होकारासाठीची धडपड कळते. राजेंबरोबर पळून जायला तिला कायद्याने कुणी अडवलं नव्हतं. तिला सासऱ्यांच्या हातून सुटायचं नव्हतं, त्यांच्या हातून निघायचं होतं. ही बारीक गोष्ट लेखकांना समजली होती. लग्नात कपाळाला मुंडावळ्या बांधलेली आसावरी दिसते तेव्हा मी तिच्या साडीकडे किंवा मंडपाकडे बघतच नाही. तिची नजर कुठे जाते तेवढं बघतो.

आता माझी तक्रार. ती बबड्याबद्दल आहे आणि ती मी पोटतिडकीने करतोय. सोहम आळशी आहे, स्वार्थी आहे, आईच्या लग्नाला त्याचा विरोध आहे आणि त्यामागे त्याची सोय आहे. लोकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या, बबड्याच्या नावाने मोबाइलवर किती विनोद फिरले त्याला गणती नाही. आशुतोष पत्कींनी तो इतका चोख केला की चीड यावी, त्यात त्यांचा दोष काहीच नाही. पण लेखकांनी मुलाच्या नाराजीला इतकं स्वस्त कारण द्यायला नको होतं. मीही नाराज होतो. मला आईचं घर नको होतं, पगार नको होता, डबा तर पंधरा वर्षं मी माझा मीच करत होतो. मला एकच प्रश्न होता आणि तो विचारायला तोंड नव्हतं: बाबांचा फोटो आता कुठे लावायचा?

बाहेरच्या खोलीत, दाराच्या समोर, खाकी गणवेशातला फोटो. चंदनाचा हार, खाली छोटा लाल बल्ब. लग्नानंतर आई सरांच्या घरी जाणार नव्हती, आज्जीमुळे सरच आमच्याकडे राहायला येणार होते. मग रोज सकाळी चहा पिताना समोर बाबा आणि शेजारी सर? मला हे चित्र डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. अंतरपाट धरला तेव्हा मी मागे जेवणाच्या ताटांची मोजणी करत होतो. मोजायची काही गरज नव्हती, चाळीस माणसं होती. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या त्या मी पाठीमागून ऐकल्या. हे मला आजही लागतं. बबड्यासारख्या मुलाला असा एखादा प्रश्न दिला असता तर ते लग्न नुसतं गोड न राहता आरपार गेलं असतं. विरोध करणारा मुलगा वाईटच असायला लागतो असं नाही. कधी तो फक्त बापाचा मुलगा असतो.

फोटोचं पुढे काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्टुलावर चढले होते. मला वाटलं फोटो काढतायत. ते काचेवरची धूळ पुसत होते. फोटो तिथेच आहे.

मालिकेतल्या लग्नात सनई-चौघडे होते. आमच्यासारख्या लग्नांत कागदंही फार असतात, आणि हे लिहिलंच पाहिजे, कारण मालिका बघून कुणाला वाटेल की घरचे तयार झाले की संपलं. आईला नोंदणी पद्धतीने लग्न करायचं होतं. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. आईला लग्नापेक्षा त्या फलकाची धास्ती होती. डेपोतला कुणीही कामाला गेला की वाचणार. आणि वाचलंच, तिसऱ्या दिवशी डेपोत सगळ्यांना माहीत. एका बाईने पेढे मागितले, बाकीच्यांनी आठ दिवस खाली मान घालून फायली चाळल्या.

दुसरं, पेन्शन. बाबांच्या भविष्य निर्वाह निधीमुळे आईला विधवा म्हणून जी पेन्शन मिळत होती ती पुनर्विवाह केला की बंद होते, नियमच तसा आहे. रक्कम फार नव्हती. पण आईने ती वीस वर्षं आज्जीच्या औषधांसाठी वेगळी ठेवली होती. ती बंद करायचा अर्ज आईने स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि खाली सही करताना थांबली, कारण कुठलं आडनाव लिहायचं हे तिचं तिलाच ठरत नव्हतं. शेवटी जुनंच लिहिलं, आजही तेच लिहिते.

तिसरं, घर. एका नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितलं की दुसरं लग्न केलं की नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जातो. आई घाबरली. वकिलांनी समजावलं की एकेकाळी तसंच होतं. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा आला त्यातच ही मेख होती: लग्न कर, पण पहिल्या नवऱ्याकडून मिळालेलं सोडून दे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर विधवेला वारसाने मिळालेला हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो आणि नंतर लग्न केलं म्हणून तो जात नाही. हे ऐकल्यावर आई त्या रात्री नीट झोपली. मालिकेतल्या एखाद्या भागात कुणा वकिलाच्या तोंडी ही दोन वाक्यं घातली असती तर कितीतरी घरांत लोक नीट झोपले असते.

लग्नाचा भाग लागला त्या दिवशी मी मुद्दाम मिरजेला होतो. आज्जी खुर्चीत, आई खाली सतरंजीवर, सर दारापाशी, कारण त्यांना मालिका बघताना कुणी आपल्याकडे बघावं असं वाटत नाही. मी आईच्या शेजारी बसलो. आसावरीला मुंडावळ्या बांधलेल्या बघून आज्जी मोठ्याने म्हणाली, "चांगली दिसते की. कोण म्हणतंय शोभत नाही?" कुणीच तसं म्हणालं नव्हतं. तिला ते अडीच वर्षांपूर्वी गल्लीत कुणीतरी ऐकवलं होतं आणि ती त्याला आत्ता उत्तर देत होती. आईने मागे न बघता हात वर केला आणि आज्जीच्या पावलावर ठेवला.

महर्षी कर्व्यांनी १८९३ साली बाया कर्व्यांशी, म्हणजे गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. हे मी शाळेत मार्कांसाठी पाठ केलं होतं. आमच्या मिरजेपासून फार लांब नाही ते शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं कळवलं. आज्जीला मी पेपर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आईची मीच काढली होती रे." मला काय बोलावं कळलं नाही. मी म्हटलं, "घातलीस पण तूच." तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही हे मला दिसलं.

तर मालिका बघावी का? लग्नापर्यंत जरूर बघावी, आणि शक्यतो घरातल्या थोरल्यांबरोबर बघावी. त्यापुढे मात्र माझा धीर सुटला. लग्नानंतरचं सहजीवन, दोन घरांच्या सवयी, या वयात अंथरूण-पांघरूण कुणाचं कुठे, सकाळी आधी कोण उठतं, यात केवढं तरी दाखवण्यासारखं होतं. तिकडे फिरकण्याऐवजी बबड्याची कारस्थानंच पुन्हापुन्हा येत राहिली. मार्च २०२१मध्ये मालिका संपली आणि लगेच 'अग्गंबाई सूनबाई' आली. तिच्यात शुभ्रा आणि बबड्या दोघांचेही कलाकार बदलले होते, मी चार भागांत सोडली. आईने शेवटपर्यंत बघितली. ती कुठलंच पुस्तकही अर्धं सोडत नाही.

लग्नाच्या भागांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा बबड्यासाठी कापला.

या दिवाळीत तो भाग बघताना आई मधेच उठली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ती स्टीलचा एक चपटा डबा घेऊन आली. आत तिच्या आणि सरांच्या मुंडावळ्या, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेल्या. सरांच्या मुंडावळीचा दोरा एका बाजूने तुटून मणी सुटले होते. "तू ताटं मोजत होतास तेव्हा तुटली," आई म्हणाली. तिने टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मला आता दोरा ओवता येत नाही, दिसत नाही. ओवून दे." सर दारापाशीच होते. मी दोरा ओवला, मणी एकेक करून भरले आणि ती मुंडावळी नीट बसते का ते बघायला त्यांच्या कपाळाला लावून बघितली.